पेटीवरचं कोबे

काळाचौकीच्या आमच्या चाळीतल्या खोलीत ओट्याच्या वर एक लाकडी फळी होती. बाबांनी ती रे रोडच्या लाकूडवाल्याकडून आणलेली. जहाजानं आलेल्या यंत्रांच्या पेट्या रिकाम्या झाल्या की त्यांच्या फळ्या तिथं स्वस्तात मिळायच्या. फळीच्या खालच्या अंगाला काळ्या शाईत चार अक्षरं छापलेली होती: के, ओ, बी, ई. त्यांच्याखाली पुसट झालेली चार चौकोनी चिन्हं होती, ती आम्ही नक्षीच समजायचो. मी खाली पाटावर जेवायला बसलो की मान वर करताच ती अक्षरं दिसायची. इंग्रजी अक्षरं मी शाळेच्या आधी त्या फळीवर शिकलो.

बाबा गोदीत टॅली क्लार्क होते. पेट्या मोजायच्या, पेटीवरचा मार्का कागदावरच्या मार्क्याशी ताडून पाहायचा, पेटी फुटली असेल तर तसा शेरा मारायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. "कोबे म्हणजे जपानचं बंदर," ते सांगायचे, "तिकडची पेटी फुटून आल्याचा शेरा मी क्वचितच मारला असेल."

म्हणून गेल्या नोव्हेंबरात आम्ही ओसाकाला पोचलो आणि बंडू म्हणाला, "उद्या क्योटो," तेव्हा मी म्हटलं, "उद्या कोबे." बंडू माझा शाळेपासूनचा मित्र, ओसाकात नोकरीला. माझ्याबरोबर मुंबईहून आलेले आमचे मास्तर. ते रत्नागिरीकडे हायस्कुलात भूगोल शिकवतात, आणि सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. बंडूनं क्योटोची यादी काढून ठेवली होती. मी फळीची गोष्ट सांगितली. वहिनी पोळ्या लाटत होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "मग कोबेच. क्योटो काही पळून जात नाही. माझ्या ऑफिसातल्या एक बाई मूळच्या कोबेच्या आहेत, त्यांना विचारते दुपारी येतात का."

सकाळी उमेदा स्टेशनवरून हान्क्यूची गाडी पकडली. सगळे डबे आमसुली रंगाचे, असे चकचकीत की फलाटावरची माणसं त्यात दिसावीत. आत शेवाळी रंगाच्या मऊ मखमली बैठका. जलद गाडीनं अर्ध्या तासाच्या आत कोबे येतं. बंडूनं वाटेत समजावलं की ओसाकाहून कोबेला तीन रेल्वे जातात आणि तिन्ही जवळपास समांतर. डोंगराच्या पायथ्यानं हान्क्यू, मधून जेआर, समुद्राच्या अंगानं हान्शिन. आपल्या वेस्टर्न, सेंट्रल, हार्बरसारखंच, फक्त इथं तिन्हींच्या मधली जागा अगदी चिंचोळी. उजव्या खिडकीतून रोक्को डोंगराची रांग आमच्याबरोबर धावत होती. सर्वांत उंच शिखर 931 मीटरचं, पण समुद्राला इतकं खेटून उभं की त्याहून उंच वाटतं. मास्तर एकदा उजवीकडं बघत आणि एकदा डावीकडं. "हा तर आपला कोकण आहे," ते म्हणाले, "सह्याद्री चार पावलं पुढं आणून ठेवलाय इतकंच."

सान्नोमिया स्टेशनवर उतरलो आणि पहिल्याच दहा मिनिटांत आमची चुकामूक झाली. मी सरकत्या जिन्याशी थांबून सगळे लोक उजवीकडं उभे राहतात आणि डावी बाजू घाईवाल्यांना मोकळी ठेवतात ते बघत होतो. तेवढ्यात बंडू आणि वहिनी गर्दीबरोबर पुढं निघून गेले. मास्तर आणि मी भलत्याच दारातून बाहेर आलो. वहिनींना फोन लावला. "भाऊजी, समुद्राच्या बाजूला या, आम्ही तिथंच उभे आहोत." चहूकडं दहा दहा मजली इमारती, समुद्र कुठं दिसायला? शेजारून एक आजोबा काठी टेकत चालले होते. फोन स्पीकरवर टाकून मी तो त्यांच्यापुढं धरला, वहिनी जपानीत काही बोलल्या. आजोबांनी आधी उत्तरेला तळहात केला आणि म्हणाले, "यामागावा." मग दक्षिणेला तळहात केला, "उमिगावा." यामा म्हणजे डोंगर, उमि म्हणजे समुद्र. त्यांनी बोटानं दाखवलं नाही, पंक्तीत पाहुण्याला पाट दाखवावा तसा अख्खा तळहात पुढं केला होता.

मास्तरांना लगेच उमगलं. "समुद्र शोधू नकोस," ते म्हणाले, "डोंगर शोध आणि त्याच्याकडं पाठ कर." खरंच, दोन इमारतींच्या फटीतून हिरवा डोंगर दिसत होता. त्याच्याकडं पाठ करून चालत गेलो तर पाच मिनिटांत वहिनी हात हलवताना दिसल्या. पुढं दिवसभर आम्ही तसेच चाललो. कोबेत पत्ता सांगताना उजवी-डावी कमी आणि डोंगराची बाजू, समुद्राची बाजू जास्त असते. गाव लांबट पट्टीसारखं पसरलेलं असल्यानं हे दोन शब्द माहीत असले की माणूस हरवत नाही. मास्तरांच्या गावीही असंच आहे, वरची वाडी आणि खालची वाडी.

वहिनींनी बेत ठरवला: आधी डोंगराकडं चढायचं, मग दिवसभर उतरत उतरत बंदरावर यायचं. इतका शहाणा बेत मी कुठल्या प्रवासी कंपनीच्या कागदावर पाहिलेला नाही.

चढाच्या सुरुवातीलाच इकुता देऊळ लागतं. लाल तोरी, म्हणजे देवळाची कमान, आणि दुकानांच्या गजबजाटात अचानक शांत अंगण. जपानी लोक पाच येनचं भोकाचं नाणं वाहतात, कारण 'गो-एन' या उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध असा होतो. नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचं. या देवळाच्या सेवेसाठी जुन्या काळी 44 घरं लावून दिलेली होती. त्या घरांना 'कान्बे' म्हणत, आणि शहराचं नाव त्यातूनच आलं. आपल्याकडं देवस्थान इनामाची गावं असतात ना, तसं. म्हणजे माझ्या फळीवरचा शब्द मुळात बंदराचा नव्हताच, देवाच्या सेवेकऱ्यांचा होता. बाबांना सांगायला मी ते मोबाइलमध्ये टिपून ठेवलं.

तिथून चढ चांगलाच जाणवायला लागतो. कितानो भागात जायच्या वाटेवर कोबेची मशीद आहे, 1935 सालची, जपानमधली पहिली. तिच्यासाठी पैसा उभा करणाऱ्यांत हिंदुस्थानी व्यापारी पुढं होते. 1945 च्या बॉम्बहल्ल्यांत आजूबाजूची वस्ती जळाली, ही उभी राहिली. 1995 च्या भूकंपातही उभी राहिली. आम्ही रस्त्यापलीकडून मिनारांकडं बघत असताना आतून एक कुटुंब बाहेर आलं, त्यातली लहान मुलगी आईशी जपानीत आणि आजीशी उर्दूत बोलत होती.

कितानोतली परदेशी व्यापाऱ्यांची जुनी घरं बघायला बहुतेक लोक येतात. शिखरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा वातकुक्कुट असलेलं लाल विटांचं घर 1909 साली एका जर्मन व्यापाऱ्यानं बांधलेलं. घरं देखणी आहेत, पण एकामागून एक तिकिटं काढून त्यात फिरावं असं मला वाटलं नाही. माझा जीव दुसरीकडंच अडकला. वळणावर पांढऱ्याशुभ्र संगमरवराचं जैन मंदिर दिसलं, खांबांवर कोरीवकाम, वर शिखर. 1985 साली बांधलेलं. पायातले बूट काढून पायरीवर पाऊल ठेवलं आणि थंडगार दगड लागला तेव्हा क्षणभर वाळकेश्वरला आल्यासारखं झालं.

आतून एक वयस्क गुजराती काका आले. आमचं बोलणं ऐकून थेट मराठीतच विचारलं, "मुंबईचे का?" लहानपण गिरगावात गेलेलं, चाळीसेक वर्षं कोबेत, धंदा मोत्यांचा. मी विचारलं, मोती तर समुद्रातून दुसरीकडूनच येतात, मग व्यापारी इथं का जमले? त्यांनी उत्तर दिलं नाही, बाहेर नेलं आणि डोंगराकडं बोट केलं. "ह्याच्यामुळं," ते म्हणाले. मोत्यांची निवड दिव्याखाली करत नाहीत, उत्तरेच्या उजेडात करतात. ऊन थेट पडलं तर मोती फसवतो. इथं उत्तरेला अख्खा हिरवा डोंगर उभा, त्यावरून परतून येणारा उजेड मऊ आणि दिवसभर एकसारखा. त्या उजेडात पांढऱ्यातला गुलाबी वेगळा, पिवळट वेगळा, हिरवट वेगळा दिसतो. त्यांनी खिशातून रुमालाची एक पुडी काढली. आत पाच मोती. तळहातावर घेऊन आधी उन्हाकडं धरले, मला पाचही सारखेच वाटले. मग अंगानं आडोसा करून डोंगराकडं वळवले. "आता बघा." दुसरा मोती किंचित गुलाबी होता आणि शेवटच्यात पावसाळी आभाळासारखी निळी झाक होती. मी अजून डोळे मिटले तर मला तो तळहात दिसतो.

मुंबई आणि कोबेचं नातं मोत्यांच्या आधी कापसाचं. 1893 साली जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीनं जमशेटजी टाटांच्या साथीनं कोबे ते मुंबई अशी जहाजांची फेरी सुरू केली. मुंबईच्या कापसाच्या गाठी जपानी गिरण्यांसाठी जायच्या आणि मालवाहतुकीवर मक्तेदारी असलेल्या मोठ्या कंपन्यांच्या चढ्या भाड्याला हा उतारा होता. त्याच 1893 साली मुंबईहून निघालेले स्वामी विवेकानंद कोबेला बोट सोडून जमिनीवरून योकोहामाला गेले होते, देश आतून बघता यावा म्हणून. काकांना हे सगळं पाठ होतं. 1923 च्या मोठ्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथले बरेच हिंदुस्थानी व्यापारी कोबेला आले, हेही त्यांनीच सांगितलं. आम्ही कॉटन ग्रीनच्या शेजारी लहानाचे मोठे झालो आणि त्या गाठी कुठं जायच्या हे मला इथं, या डोंगराच्या उतारावर कळत होतं. निघताना त्यांनी बाबांचं नाव विचारलं आणि "त्यांना जय जिनेंद्र सांगा" म्हणाले.

मास्तरांचा हट्ट नुनोबिकी धबधब्याचा. शिन-कोबे हे बुलेट ट्रेनचं स्टेशन, त्याच्या पाठीमागून पायवाट वर जाते आणि पंधरा मिनिटांत धबधबा. स्टेशनाला इतकं लागून रान असू शकतं हे बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. मोठा धबधबा 43 मीटरचा, नोव्हेंबरात पाणी बेताचंच, पण सरळ दोरीसारखं पडत होतं. याच ओढ्यावर वर 1900 साली धरण बांधलं आणि डोंगराचं पाणी शहराला आणि बंदरातल्या जहाजांना मिळायला लागलं. कोबेचं पाणी विषुववृत्त ओलांडलं तरी नासत नाही, अशी खलाशांमध्ये ख्याती होती. बाबांनी मला गोदीत जहाजाला पाणी देणाऱ्या बार्जबद्दल सांगितलेलं आठवलं. जहाज बंदराला लागलं की माल नंतर, आधी गोडं पाणी.

चालून चालून भुका लागल्या. उतरताना एका जुन्या चर्चच्या इमारतीत बेकरी आणि वरच्या मजल्यावर खाण्याची जागा आहे, फ्रॉइंडलीब नावाची. पहिल्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून जपानला आलेल्या एका जर्मन बेकरीवाल्यानं 1924 साली कोबेत सुरू केलेली. उंच छताखाली, कमानदार खिडक्यांशी बसून आम्ही पाव आणि सूप खाल्लं. कोबेचं गोमांस जगभर नावाजलेलं, पण आमच्यात ते खाणारं कुणी नव्हतं आणि पाव इतका उत्तम होता की कुणाला काही कमी वाटलं नाही. वहिनींनी दुसऱ्या दिवसाच्या चहासाठी एक पाव बांधून घेतला.

मग उतार. स्टेशनापासून समुद्राकडं जाणारा फ्लॉवर रोड म्हणजे पूर्वीचं इकुता नदीचं पात्र. 1871 साली नदी वळवली आणि पात्राचा रस्ता झाला. नदीच्या वाटेनंच आपण समुद्राकडं निघालोय हे कळल्यावर मास्तरांची चाल बदलली, ते मधूनच थांबून रस्त्याचा उतार न्याहाळायचे.

नगरपालिकेशेजारच्या हिगाशी युएन्ची बागेत त्या बाई आम्हाला भेटल्या. चाळिशीच्या, केस आखूड, खांद्यावर कापडी पिशवी. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. वहिनी दुभाष्याचं काम करत होत्या. बागेत काचेच्या पेटीत एक लहानशी ज्योत सतत तेवत असते, भूकंपात गेलेल्यांच्या स्मरणार्थ. 17 जानेवारी 1995, पहाटे 5 वाजून 46 मिनिटं. 6,434 माणसं गेली. दरवर्षी त्याच पहाटे लोक या बागेत दिवे लावून उभे राहतात. बाई त्या ज्योतीपुढं थोडा वेळ हात जोडून उभ्या राहिल्या, आम्हीही. त्या स्वतःहून काही बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

जुन्या परदेशी वसाहतीतून आम्ही भराभर गेलो. 1 जानेवारी 1868 ला बंदर परदेशी जहाजांना खुलं झालं आणि इथं आखीवरेखीव 126 भूखंड पाडले गेले. आता तिथं महागडी दुकानं. एक जुनी इमारत, पंधरा नंबरची, भूकंपात जमीनदोस्त झाली होती. तिचेच वासे, तिचंच सामान गोळा करून 1998 साली पुन्हा जोडली. शेजारी नान्किनमाची ही चिनी वस्ती, वाफेच्या टोपल्या, रांगा, तळणाचा वास. बंडूनं तिळाचे गोळे घेतले, चालता चालता संपवले.

आणि मग समुद्र आला. मेरिकेन पार्क. पूर्वी इथं जवळच अमेरिकन वकिलात होती, म्हणून धक्क्याला नाव पडलं 'मेरिकेन'. मी पुढं चालत गेलो, आणखी पुढं, आणि कुणीतरी अडवेल म्हणून वाट बघत होतो. कुणीच अडवलं नाही. भिंत नाही, फाटक नाही, पास दाखवा म्हणणारं कुणी नाही. पोरं स्केटिंग करत होती, एक म्हातारं जोडपं डबा उघडून बसलं होतं, एक बाप लेकाला सायकल शिकवत होता. मालाची खरी चढउतार आता पलीकडच्या बेटांवर होते, पण जुनं बंदर लोकांचं अंगण झालंय. मी गोदीच्या भिंतीला लागून वाढलो. पी. डिमेलो रोडची ती लांबच लांब भिंत. बसमधून क्रेनचे वरचे शेंडे दिसायचे. शाळेत असताना एकदाच बाबांनी पास काढून आत नेलं होतं, तेव्हा जहाजाची काळी बाजू इतकी उंच होती की आभाळ दिसेना. त्यानंतर नाही. बंदराच्या शहरात जन्मून बंदर बघायला मिळालं नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं, आणि त्या दिवशी तिथं ते फार जोरानं वाटलं.

पलीकडचं बेट दाखवून बाई म्हणाल्या, "तो डोंगर आहे." वहिनींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण खरंच. पोर्ट आयलंड हे बेट भरणी करून बनवलेलं आहे. सुमा भागातले डोंगर कापले, माती पट्ट्यावरून किनाऱ्यापर्यंत आणली, तिथून बार्जनं समुद्रात नेऊन टाकली. कापलेल्या डोंगराच्या जागी घरं झाली आणि समुद्रात बंदर. 1966 ला सुरू झालेलं काम 1981 ला पुरं झालं. 'डोंगर समुद्राला जातो' असं तेव्हा म्हणायचे. मास्तरांनी वहीत या सगळ्याची आकृती काढून घेतली, मुलांना दाखवायला.

पार्कच्या एका कडेला कठडा आहे आणि कठड्याच्या खाली भूकंपात मोडलेला धक्का. साठेक मीटरचा तुकडा त्या दिवशी जसा झाला तसाच ठेवलाय. मी इथं सर्वांत जास्त वेळ उभा होतो. काँक्रीटच्या मोठ्या लाद्या एकमेकींवर चढलेल्या, काही पाण्यात बुडालेल्या. दिव्याचे खांब आहेत, पण एकही सरळ नाही, एक समुद्राकडं कललेला तर एक उलट्या बाजूला. लाद्यांच्या फटींत समुद्राचं पाणी वरखाली होत होतं आणि काठाला शिंपले चिकटलेले. जिथं एकेकाळी माणसं उभी राहून जहाजाचे दोर बांधायची ती लोखंडी खुंटी आता पाण्यावर तिरकी डोकं काढून होती. भरणीची जमीन हादऱ्यानं चिखलासारखी झाली आणि धक्के समुद्राकडं सरकले. बंदर पुन्हा पूर्ण चालू व्हायला दोन वर्षं लागली.

तिथं बाई बोलल्या. तेव्हा त्या चौथीत होत्या, राहायला नागाता भागात. घर कललं, पडलं नाही. त्यांच्या आजीची सवय होती, रात्री सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की टबातलं पाणी सोडून द्यायचं नाही, सकाळपर्यंत ठेवायचं. त्या पहाटे नळ कोरडे पडले, गल्लीच्या टोकाला आग लागलेली. शेजारचे लोक बादल्या घेऊन यायला लागले आणि आजी दारात उभी राहून टबातलं पाणी तांब्या तांब्यानं वाटत होती. दुपारपर्यंत टब रिकामा. "मी अजून रात्री टबाचं बूच काढत नाही," त्या म्हणाल्या, "घरात एकटी असले तरी." वहिनींना ते मराठीत सांगताना मधे थांबावं लागलं.

माझ्या डोक्यात 14 एप्रिल 1944 होता. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, शेकडो माणसं गेली, आग विझवायला गेलेले 66 अग्निशमन जवान गेले. आमच्या घरी दर वर्षी त्या तारखेला बाबा त्याबद्दल बोलायचे. पण ती जागा मी कधी पाहिली नाही, ती भिंतीच्या आत, आणि आता तर ती गोदीच बुजवून टाकलीय. इथं मोडलेला धक्का लोकांसमोर ठेवलाय आणि शाळेची पोरं कठड्याला टेकून त्याची चित्रं काढतात. आपल्याकडंही असं काही करता आलं असतं. मी हे रागानं लिहीत नाही, पण मनापासून लिहितो.

थोडं पुढं आई, बाप आणि मूल असा एक पुतळा आहे. 1908 साली कासातो मारू जहाज इथून 781 माणसांना घेऊन ब्राझीलला गेलं, त्या आणि नंतर गेलेल्यांची आठवण. मला भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरलेले माझे आजोबा आठवले, वळकटी आणि आंब्याच्या फळ्यांची पेटी घेऊन.

अंधार लवकर पडला, पाचच्या सुमारासच. 108 मीटरचा पोर्ट टॉवर लाल दिव्यांनी उजळला, 1963 सालचा. आकार हुबेहूब डमरूसारखा. आम्ही वर गेलो नाही, खालच्या पायऱ्यांवर पाण्याकडं तोंड करून बसलो. मग बाईंनी आम्हाला मागं वळायला सांगितलं. शहराच्या दिव्यांच्या वर काळा डोंगर, आणि डोंगराच्या अंगावर दिव्यांनी काढलेला एक प्रचंड नांगर, जहाजाचा. मास्तर म्हणाले, "आमच्या भाषेत शेत नांगरायचा नांगर आणि बोटीचा नांगर, शब्द एकच." वहिनींनी ते भाषांतर करून सांगितलं. बाईंनी 'नांगर' हा शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला.

भारतात दुपारचे दोन वाजले होते. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. चाळ गेली, आता ते सोळाव्या मजल्यावर राहतात, पण फळी त्यांनी टाकून दिली नाही, औषधांसाठी गॅलरीच्या भिंतीला ठोकलीय. टॉवर दाखवला, नांगर दाखवला, काकांचा जय जिनेंद्र सांगितला. बाबांचा पहिला प्रश्न, "धक्क्याला पाणी किती खोल आहे?" मग म्हणाले, थांब, आणि औषधं खाली काढून फोन फळीच्या खालून धरला. के, ओ, बी, ई. बाई वाकून बघत होत्या. त्यांनी बोट अक्षरांवर नाही, त्यांच्याखालच्या पुसट चौकोनी चिन्हांवर ठेवलं.

"तेन्ची मुयो," त्या म्हणाल्या. वहिनी हसल्या, मग त्यांचे डोळे भरले. पहिली दोन चिन्हं आकाश आणि धरती. चारही मिळून जपानी पेट्यांवर लिहितात: वर-खाली करू नये, उलटी ठेवू नये.

फोन थोडा हलला. बाबा टेबलाशी गेले होते. "परत सांग," ते म्हणाले, "सावकाश सांग, लिहून घेतो."